वीस मिनिटं दाबून धरा

त्या बुधवारी ती त्या टेबलावर बसायलाच नको होती. टेबल तिच्या मैत्रिणीचं. मैत्रिणीला सकाळी सकाळी ताप भरला, म्हणून ड्रेसिंगच्या खोलीतून उचलून हिला तिथे बसवलं. काम म्हटलं तर बैठं. त्वचेच्या शस्त्रक्रियेला येणाऱ्यांना ठरलेले प्रश्न विचारायचे, फॉर्म भरायचा, सही घ्यायची. पण एक वाजेपर्यंत सत्तावीस माणसं झाली होती आणि तिचे डोळे इतके जड झाले होते, की फॉर्मवरच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढत होत्या.

"पुढचे!"

समोरच्या खुर्चीवर एक उंच, किडकिडीत माणूस येऊन बसला. चाळिशीला टेकलेला असावा. डोळ्याच्या खाली, गालावर वाटाण्याएवढी चकाकती गाठ आणि तिच्यावर न भरणारी खपली. कागदावर तपासणीचा निकाल होताच - त्वचेचा कर्करोग, पण सावकाश वाढणारा. दूर पसरत नाही, आणि आपणहून जातही नाही. कापून काढला की संपलं.

"काम काय करता?"

"गाडी चालवायला शिकवतो. सगळे मास्तर म्हणतात."

"म्हणजे खिडकीतलं ऊन."

"अठरा वर्षं. शिकणारा चालवतो, मी शेजारी बसून भाजतो." त्याने मान वळवून दुसरा गाल दाखवला. "हा बघा. हा अजून तिशीतच आहे."

तिच्या ओठांशी हसू आलं, आणि दमून परत गेलं.

"शस्त्रक्रिया परवा. आणखी काही आजार?"

"हृदयाची एक झडप बदललीय. धातूची बसवलीय."

"मग रक्त पातळ करायची गोळी चालू असेल."

"होती. तीन दिवसांपूर्वी बंद केली," तो म्हणाला. न सांगता गृहपाठ करून आणलेल्या पोराचा भाव होता चेहऱ्यावर.

तिचं पेन थांबलं. डोळ्यांवरची झोप कुठल्या कुठे गेली.

"कोणी सांगितलं बंद करायला?"

"आमच्याकडे दुसरे एक मास्तर आहेत... त्यांच्या मामांचा दात काढला, तेव्हा मामांनी..."

"मामांच्या छातीत धातूची झडप आहे?"

"नाही."

"मग मामांचं मामांपाशी राहू द्या!" आवाज एवढा चढला, की बाकावरची सगळी रांग वळून बघायला लागली. तिने तो खाली आणला. "अहो, गालावर कापल्यावर रक्त वाहिलं, तर मी दाबून धरेन. तास लागो, दोन तास लागोत. पण त्या झडपेवर गुठळी झाली, आणि ती सुटून डोक्यात गेली... तर माझा हात तिथे पोचत नाही. कळतंय का?"

"कळलं, सिस्टर."

तो एवढंच म्हणाला. पण तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या कडेला धरलेल्या तिच्या हाताकडे बघत होता. हात थरथरत होता.

नंतरचा तास धावपळीत गेला. तिने त्याचं रक्त तपासायला पाठवलं, त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, ते सापडेनात तेव्हा त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांना लावला, आणि जेवणाचा डबा तसाच पिशवीत राहिला. रक्त गोठण्याचा आकडा अडीचच्या वर हवा, तो दीडच्याही खाली आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी आजच सुरू करा, आणि आकडा वर येईपर्यंत रोज पोटात इंजेक्शन. शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे. गोळी बंद न करताच करायची.

"म्हणजे रोज यायचं?" मास्तरने विचारलं.

"रोज सकाळी आठ वाजता. ड्रेसिंगच्या खोलीत."

"तिथे कोण असतं?"

"मी."

"मग येतो," तो म्हणाला, आणि लगेच घाईने पुस्ती जोडली, "म्हणजे... यावं तर लागणारच ना."

* * *

सकाळी आठ ही तिच्या दिवसाची सुरुवात नव्हती, मध्य होता. ती साडेचारला उठायची. बाबांना उठवून बसवायचं, त्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, मग शेजारच्या काकूंच्या हवाली करून दोन बस बदलत इथे यायचं. बाबांची एक बाजू नऊ वर्षांपूर्वी गेली होती. जिभेवर चार शब्द उरले होते - बरं, नको, कोण, जेव. भाऊ आणि वहिनी दुसऱ्या गावी. ते फोन करायचे, काळजीने करायचे, आणि फोन ठेवल्यावर ती पुन्हा एकटीच असायची.

पहिल्या दिवशी मास्तरने शर्ट वर केला आणि छताकडे बघत बसला. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. तिने पोटाची चिमूट धरली, आणि तेवढ्यात तिला बारीक टिक... टिक... ऐकू आलं. तिने भिंतीकडे पाहिलं. घड्याळ महिनाभर बंद होतं.

"घड्याळ नाही, मी आहे तो," मास्तर म्हणाला. "झडप वाजते. शांत खोलीत जरा जास्तच."

"त्रास होतो?"

"मला नाही. एकीला झाला होता." तो अजून छताकडेच बघत होता. "लग्न ठरलं होतं आमचं. म्हणाली, शेजारी झोपल्यावर हा आवाज ऐकत मी आयुष्यभर धास्तावून राहीन. मी म्हटलं, वाजायचा बंद झाला की धास्ताव... तिला तो विनोद आवडला नाही."

तिला आवडला. सुई आत गेली होती, त्यामुळे हसता येईना. तिने खालचा ओठ दातांत धरला.

"हसलात तरी चालेल, सिस्टर."

"हात हलेल माझा."

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "तुम्ही जेवता कधी?" तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काल बसस्टॉपवर उभ्या उभ्या झोपला होतात. माझ्या विद्यार्थ्याने तुमच्यासमोरच गाडी बंद पाडली, मागून सहा जणांनी हॉर्न वाजवला, तरी तुम्ही ढिम्म." ती लाजली आणि चिडलीही. दमलेलं दिसणं तिला आवडत नसे. लोक मग दया करायला लागतात.

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात की रस्त्याकडे?"

"रस्त्याकडे बघणं शिकणाऱ्याचं काम," तो शांतपणे म्हणाला.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की त्याने तिला सिस्टर म्हणणं सोडलंय. "अहो" म्हणत होता, "ऐका ना" म्हणत होता, एकदा तर नुसताच घसा खाकरला.

"सगळे सिस्टर म्हणतात," ती इंजेक्शन भरता भरता म्हणाली. "तुम्हाला काय झालं?"

"म्हणवत नाही."

"का?"

मास्तरचा उन्हाने रापलेला गाल आणखी लाल झाला, आणि तिशीतला सुद्धा. "...जिवावर येतं," तो म्हणाला.

सुई टोचल्यावर त्या दिवशी तिने कापूस जरा जास्तच वेळ दाबून धरला. नंतर दिवसभर तिला ते आठवत राहिलं, आणि प्रत्येक वेळी ती स्वतःवर वैतागली. घरी एक माणूस आहे ज्याचं सगळं आपल्याला करावं लागतं. इथे दिवसाला तीस माणसं. यात हे कुठे बसवायचं? तिच्याकडे जागाच नव्हती. जागा असती तरी ती झाडूनपुसून घ्यायला अंगात त्राण नव्हतं.

सहाव्या दिवशी आकडा वर आला आणि इंजेक्शनं थांबली. नंतरच्या सगळ्या सकाळी खोलीत शांतता होती, नुसता पंखा. ती शांतता तिला सोसवेना, हेही तिला आवडलं नाही.

* * *

शस्त्रक्रियेच्या दिवशी आकडा दोन पूर्णांक आठ होता. जसा हवा तसा. डॉक्टरबाईंनी गाल बधिर केला, गाठ भोवतालच्या थोड्या कातडीसकट काढली, रक्तवाहिन्या एकेक करून बंद केल्या, बारीक टाके घातले. अर्ध्या तासात झालं. पण गोळी चालू असलेल्या माणसाचं रक्त आपल्या वेळाने थांबतं. टाक्यांच्या फटीतून ते पाझरत होतं.

"वीस मिनिटं दाबून धर," डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "मधे उचलून बघायचं नाही. आणि मास्तर, तुम्ही बोलायचं नाही. गाल हलला की सगळं पहिल्यापासून."

त्या पुढच्या खोलीत गेल्या. ती स्टुलावर बसली, घडी केलेला बोळा त्याच्या गालावर ठेवला आणि तळव्याने दाबला. तिचा हात आणि त्याचा चेहरा. आणखी काही करण्यासारखं नव्हतं. खिडकीच्या तावदानावर ऊन होतं. बऱ्याच दिवसांनी ती बसली होती, आणि कोणी तिला उठवणार नव्हतं.

त्याने डोळे तिच्याकडे वळवले. भुवया उंचावल्या. म्हणजे, बोला ना काहीतरी.

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुम्हीच बोलता नेहमी."

तो बघत राहिला. टिक... टिक... टिक...

"त्या दिवशी मी ओरडले तुमच्यावर," ती म्हणाली. "माझा हात कापत होता. तुम्ही बघितलंत. विचारलं नाहीत."

मग ती थांबली. एवढ्यावर सोडून देता आलं असतं. पण ती फार दमली होती, आणि दमलेल्या माणसाच्या हातून कधी कधी दार उघडं राहतं.

"माझ्या बाबांचे ठोके अनियमित होते. तीच गोळी चालू होती, तुमचीच. पाठीवर एक साधी चरबीची गाठ होती, ती काढायची होती. मी तेव्हा नवीन होते नोकरीत, दुसऱ्या गावी. बाबांनी फोन करून विचारलं, गोळीचं काय करू गं? मी म्हटलं... आठवडाभर बंद ठेवा. तेव्हा सगळे तसंच सांगायचे. मी काही मनाचं सांगितलं नाही. पण सांगितलं मी. सहाव्या दिवशी ते अंघोळीच्या खोलीत पडले. गाठ काढायची राहिलीच. अजून आहे ती पाठीवर. रोज सकाळी पुसते मी."

मास्तरच्या डोळ्यांची पापणी हलली नाही.

"कोणाला माहीत नाही. भावाला नाही. बाबांना... काय ठाऊक, त्यांना किती आठवतंय. लोक म्हणतात, मुलगी असावी तर अशी. मला ते ऐकवत नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एक हात बोळ्यावर, दुसऱ्याने त्याचं डोकं धरलेलं, त्यामुळे पुसता येईना. त्याने अंगावरच्या चादरीखालून हात काढला, चादरीचं टोक उचललं, आणि मान जराही न हलवता, अंदाजाने तिच्या हनुवटीपर्यंत नेलं. पहिल्या खेपेला ते तिच्या कानाला लागलं. ती रडता रडता हसली.

वीस मिनिटं झाली. तिने बोळा उचलला. टाके कोरडे होते.

"थांबलं," ती म्हणाली. "आता हळू बोललात तरी चालेल."

त्याने थोडा वेळ विचार केला. मग ओठ न हलवता पुटपुटला, "अजून थोडं दाबा. वाहतंय असं वाटतंय."

वाहत नव्हतं. तिने पुन्हा दाबून धरलं.

* * *

संध्याकाळी सात वाजता, ती बाबांना मऊ भात भरवत असताना, विभागाचा फोन वाजला. तो आज तिच्याकडे होता. जखमेचं काही झालं तर याच नंबरवर फोन करा, असं प्रत्येक कागदावर छापलेलं असतं.

"मी बोलतोय." मास्तरचा आवाज बदलला होता. थट्टा कुठेच नव्हती. "शिंक आली मोठी. पट्टी पूर्ण भिजलीय. शर्टावर पण आलंय. मी... जरा घाबरलोय."

"एकटे आहात?"

"हो."

"बसा. आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं. स्वच्छ रुमाल घ्या, घडी करा, पट्टीवरूनच दाबून धरा. वीस मिनिटं. उचलून बघायचं नाही. थांबलं नाही तर लगेच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, मीही येते. आणि फोन ठेवू नका. बोलूही नका."

तिने फोन टेबलावर भाताच्या वाटीशेजारी उभा केला आणि स्पीकरवर लावला. बाबा बघत होते. फोनमधून फक्त श्वास येत होता, आधी भराभर, मग सावकाश. ती मधून मधून सांगायची, "सात झाली... अकरा झाली... चांगलं चाललंय." मधे तिने बाबांचं तोंड पुसलं. पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. सतराव्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं, की तीही श्वास धरून बसलीय.

"आता बघा. हळूच."

फोनमधून खसखस आली. मग, "थांबलंय."

तिने डोळे मिटले. "झोपताना डोकं उंच ठेवा. आणि रात्रीची गोळी... घ्यायची. विसरायची नाही, घाबरून टाळायची नाही."

"घेतो," तो म्हणाला. "तुमचं जेवण राहिलं ना?"

फोन बंद झाल्यावर बाबांनी चांगल्या हाताने तिकडे बोट केलं. "कोण?"

"पेशंट, बाबा."

बाबांच्या तोंडाची हलणारी बाजू वर गेली. नऊ वर्षांत असं मिश्कील हसू तिने पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, ते त्या बाजूबरोबर गेलं. आणि ते हसू पाहूनच तिच्याने राहवलं नाही. एकदा बाहेर पडलेली गोष्ट आत राहायला तयार नव्हती.

"बाबा, ती गोळी... तुमची. मी बंद करायला सांगितली होती. फोनवर. आठवतंय तुम्हाला?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरची वाटी चांगल्या हाताने ढकलत, थोडा भात सांडत, तिच्यापुढे आणली.

"जेव," ते म्हणाले.

ती जेवली. भात गार झाला होता. तिने सगळा खाल्ला.

* * *

आठवड्याने टाके काढले. तपासणीचा निकाल आला होता. कडा स्वच्छ, सगळं निघालंय. मास्तरने आरशात गाल पाहिला.

"आता मी तुमचा पेशंट राहिलो नाही ना?"

"सहा महिन्यांनी दाखवायला या. डॉक्टरबाईंना."

"म्हणजे तुमचा नाही." त्याने आरसा ठेवला. "मग रविवारी एक तास द्या. गाडी शिकवतो. दोन बस वाचतील तुमच्या."

ती नाही म्हणणार होती. रविवारी कपडे धुवायचे असतात, बाबांचे केस कापायचे असतात. पण काकूंनी आपणहून तिला घराबाहेर ढकललं, म्हणून ती गेली. बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर, भर दुपारी. तिने पाच वेळा गाडी बंद पाडली. सहाव्यांदा पाडल्यावर तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि ते उचलेचना.

"मास्तर, मला नाही जमायचं," ती तशीच म्हणाली. "गाडीचं नाही म्हणत. हे सगळं. तुम्ही चांगले आहात. पण माझ्यात आणखी एका माणसाची काळजी घ्यायचं बळ नाही. खरंच नाही हो."

"मी कुठे म्हणालो काळजी घ्या?" तो म्हणाला. "माझ्या गोळ्या मी बारा वर्षं घेतोय. ते तीन दिवस सोडले तर." मग त्याने दार उघडलं, वळसा घालून तिच्या बाजूला आला. "उतरा. माझ्या बाजूची सीट मागे पडते पूर्ण. झोपा."

"झोपा?"

"तास तुमचाच आहे. कसा वापरायचा ते तुम्ही ठरवा."

ती हसणार होती. पण सीट मागे पडली, आणि नंतरचं तिला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर चढलं होतं. काचेला आतून वर्तमानपत्र लावलेलं होतं, तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. मास्तर बाहेर बॉनेटला टेकून उभा होता. शेजारी, दगडावर रुमाल पसरून, एक सत्तरीच्या आजी बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पायांत नवे कोरे बूट.

ती धडपडत बाहेर आली. "किती वाजले?"

"सव्वा चार," आजींनी सांगितलं. "माझा तास तीनला होता. मास्तर म्हणाले, आवाज करू नका. मी म्हटलं, झोपू दे बाई. मला कुठे उद्या ट्रक चालवायचाय?"

दोन तासांच्या वर! तिला घाई व्हायला हवी होती. काकूंचा फोन आला असेल, कपडे भिजत पडले असतील. पण अंगात काहीतरी हललं होतं. खांदे जागेवर आले होते. मैदान, भिंत, समोरच्या माणसाच्या गालावरची गुलाबी रेघ, सगळं लख्ख दिसत होतं.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मघाशी मी बोलले ते दमून बोलले," ती म्हणाली. "दमल्यावर मी सगळ्यालाच नाही म्हणते. आता झोप झालीय माझी. म्हणून आता सांगते, ते खरं धरा." तिने एक श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता."

आजी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. फार मन लावून शोधत होत्या.

मास्तर बॉनेटचा टेकू सोडून सरळ उभा राहिला. "मला..." तो म्हणाला, "मला तर त्या बुधवारपासूनच. तुम्ही मामांवरून झापलंत ना... तेव्हापासून."

"चला हो मास्तर," आजी शेवटी म्हणाल्या. "आज शिकवणार आहात का मला, की मी बसनेच जाऊ?"

"हो, हो, चला!" त्याने गडबडीने पुढचं दार उघडलं, आजींना बसवलं, मग मागचं दार उघडून तिच्याकडे वळला. "तू मागे बस ना जरा, पाऊण तासात आम्ही..." आणि तो थबकला. कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... बसा. तुम्ही बसा."

ती दाराशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. बस पकडायची नव्हती, कुठे पोचायचं नव्हतं.

"बस म्हणालास," ती म्हणाली, "तेच बरं होतं."